मदत हवी आहे: सॅफ महिला संघांची नावं देवनागरीत नीट कशी लिहायची?

भाची शाळेच्या संघात विंगला खेळते. तिच्या खोलीत लावायला आम्ही दोघं एक तक्ता करतोय: सॅफ (म्हणजे दक्षिण आशियाई देशांची) महिला फुटबॉल स्पर्धा, २०२२ आणि २०२४, उपांत्य फेरीतले चारही संघ. दोन्ही वेळा काठमांडू, दोन्ही वेळा तेच चौघे (बांगलादेश, नेपाळ, भारत, भूतान), आणि दोन्ही वेळा नेपाळला हरवून बांगलादेशनं कप नेला. आधी ३-१, मग २-१. आपण दोन्हीदा उपांत्य फेरीत नेपाळकडूनच गेलो, दुसऱ्यांदा तर शूटआउटमध्ये. म्हणून भाचीनं भारताचा रकाना बारीक आखलाय. राग आहे तो.

याद्या मिळाल्या, पण सगळ्या इंग्रजीत, आणि तिथंच घोडं अडलं.

२०२४ च्या फायनलचा विजयी गोल मारणारीचं नाव भाचीनं जाड स्केचपेननं लिहिलं, 'रितू पोर्ना चाकमा'. मीही मान डोलावली. दोन दिवसांनी बांगला बातमी दिसली, तर ती चक्क ऋतुपर्णा! खाडाखोड नको म्हणून वर कागदाची पट्टी चिकटवली. तेव्हापासून बाकीच्या नावांवरचाही विश्वास उडालाय.

आता अडचणी. बांगलादेशात शमसुन्नहार दोन, सीनियर आणि ज्युनियर. २०२२ च्या फायनलचा पहिला गोल ज्युनियरचा. 'थोरली-धाकटी' लिहिलं तर सख्ख्या बहिणी वाटतील का? मणिपूरच्या मुलींचं तर विचारूच नका. आडनावानुसार लावायला गेलो तर 'देवी' आणि 'चानू' यांचाच ढीग झाला. नेपाळचं बरं, त्यांची लिपीच देवनागरी. साबित्रा भंडारी, अनिता बस्नेत, जशीच्या तशी उतरवली.

शिवाय कोपऱ्यात 'आपल्याकडच्या' असा रकाना हवाय तिला. भारताकडून खेळलेली गोव्याची करिश्मा: शिरवईकर की शिरवोईकर? गोवेकरांनो, सांगा.

प्रतिसाद:
अहो, 'देवी' हे आडनाव नव्हेच. मणिपूरच्या मैतेई लोकांत कुळाचं नाव आधी येतं, मग मुलीचं. ङाङोम बाला देवी, यात ङाङोम हे कूळ, बाला हे नाव. 'चानू' म्हणजे साधारण आपलं 'कुमारी' किंवा 'कन्या'. तो सुरुवातीचा ङ आपल्या तोंडात बसत नाही, म्हणून मराठीत 'नांगोम' लिहितात. तेवढं चालवून घ्या. भूतानमध्ये तर बहुतेकांना आडनावच नसतं. डेकी ल्हाझोम हे दोन्ही शब्द मिळून तिचं नाव. तेव्हा आडनावाचा नाद सोडा. गोलरक्षक, बचाव, मधली फळी, आघाडी असं लावा. संघाच्या मूळ याद्याही तशाच असतात. आणि शमसुन्नहारला सीनियर-ज्युनियरच ठेवा, तिकडेही तसंच म्हणतात.

धागाकर्ता:
धन्यवाद! फळीनुसार लावायला घेतलं. 'देवी' नावाचा अख्खा रकाना पट्ट्यांखाली गेला, तक्ता आता भिंतीपेक्षा जाड झालाय. भाची म्हणते, "मामा, पुढच्या वेळी पेन्सिलनं लिहूया."

शिरवईकर-शिरवोईकरचं तेवढं राहिलंय. ती जागा अजून कोरीच आहे.