लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला 'मेबी आय ॲम अमेझ्ड' म्हणू का?

पियानोवाला_नाशिक:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात लग्नाला २५ वर्षं होतायत. घरच्याच कार्यक्रमात बायकोसाठी बीटल्स बँडमधल्या पॉल मॅकार्टनीचं हे गाणं म्हणायचंय, कीबोर्डवर बसवतोय. पण प्रेमाचं गाणं आणि सुरुवातच 'मेबी'ने, वर मी घाबरलोय, एकटा आहे असलं सगळं मधे येतं. भाऊ म्हणतो आनंदाच्या दिवशी हे कशाला. काय करू?

रेकॉर्डवेडी:
दादा, अजिबात बदलू नका. कधीचं गाणं आहे बघा. मार्च १९६९ मध्ये पॉलचं लिंडाशी लग्न, आणि सप्टेंबरात बँडमधल्याच जॉन लेननने बाकीच्यांना सांगून टाकलं की मी बीटल्स सोडतोय. पॉल स्कॉटलंडच्या शेतावर जाऊन राहिला, बिछान्यातून उठायचं नाही, दारू चाललेली, हे त्यानेच नंतर सांगितलंय, आणि त्यातून लिंडाने त्याला ओढून काढलं. असा माणूस छाती ठोकून प्रेम कसं सांगेल, तो चक्रावलेलाच असणार ना की ही माझ्यासाठी एवढं का करतेय! ते 'मेबी' संशयाचं नाहीच, मोठी गोष्ट बोलताना जीभ अडखळते ना, तसं आहे.

ढोलताशा७८:
+१. शिवाय पियानो, बास, ड्रम्स, गिटार सगळं त्याने एकट्याने वाजवलंय, फेब्रुवारी १९७० मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत, मागे कोरसमध्ये आवाज लिंडाचा. तेव्हा सिंगल म्हणून काढलंच नाही, १९७७ ला पॉलच्या नंतरच्या बँडचं, विंग्जचं, लाइव्ह व्हर्जन आलं ते अमेरिकेत टॉप टेनमध्ये गेलं. एक सांगतो, वरच्या ओळी तो जवळजवळ ओरडून म्हणतो, घसा बसेल, ट्रान्सपोज करून पट्टी खाली घ्या. गिटार सोलोची धून उजव्या हाताने वाजवली तरी छान लागते.

मीरा_ठाणे:
हे गाणं ज्यात आहे त्या अल्बमच्या मागच्या कव्हरवरचा फोटो बघा, पॉलच्या जॅकेटमधून त्यांची तान्ही मुलगी मेरी डोकं बाहेर काढून बघतेय, लिंडानेच काढलेला. अल्बम आला १७ एप्रिल १९७० ला, आणि लिंडा कॅन्सरने गेली तीही १७ एप्रिललाच, १९९८ ला. हे कळल्यापासून मला ते गाणं शेवटपर्यंत ऐकवत नाही. तुमच्या समोर वहिनी बसलेल्या असतील, म्हणा तुम्ही.

पियानोवाला_नाशिक:
सगळ्यांचे आभार. कोणाला कधी बोललो नाही, २०१३ ला माझी नोकरी गेली होती, सात महिने घरी होतो, हिने शिकवण्या वाढवून घर चालवलं आणि आजपर्यंत एकदाही बोलून दाखवलं नाही. भावाला यातलं काही माहीत नाही. गाणं हेच म्हणतोय, पट्टी दोनने खाली घेतलीये.