शब्दचर्चा : छातीच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टातलं ‘हनीकोंबिंग’ म्हणजे मोहोळ, पोळं की जाळी?

प्रश्न (अनुवादक, लातूर) : छातीच्या एचआरसीटीचे (बारीक कापांच्या सीटी स्कॅनचे) रिपोर्ट नातेवाइकांना कळतील अशा मराठीत लिहायचे आहेत. ‘हनीकोंबिंग’ला मोहोळ म्हणावं का? आणि ‘रेटिक्युलेशन’, ‘फायब्रोसिस’ (फुफ्फुस तंतुमय होऊन आक्रसणं) दोन्हींना जाळी लिहिलं तर चालेल का?

क्ष-किरणतज्ज्ञ, नांदेड : नाही चालणार. मोहोळ म्हटलं की आपल्याकडं माशांसकट लटकलेलं आग्या मोहोळ डोळ्यांपुढं येतं. इथं दाखवायची आहेत ती नुसती घरं : एकाला एक लागून, भिंत सामाईक, आत हवा, बहुधा 3 ते 10 मिमीची, जाड ठळक काठाची, फुफ्फुसाच्या आवरणालगत. म्हणून ‘पोळं’. ‘जाळी’ रेटिक्युलेशनसाठी राखून ठेवा. त्या बारीक रेघा असतात, पोकळ्या नव्हेत. पोळं खालच्या भागात, आवरणालगत असेल तर तो यूआयपी (फुफ्फुस तंतुमय होण्याचा एक ठरावीक प्रकार) नमुना. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार संधिवात, धूळ, औषधं अशी कारणं वगळून आयपीएफचाच (कारण न सापडणाऱ्या तंतुमय आजाराचाच) संशय उरला, तर अशा रुग्णाला शस्त्रक्रियेची बायोप्सी सुचवत नाहीत. पोळं नाही, पण जाळी आणि ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टॅसिस आहे, तर ‘संभाव्य यूआयपी’. तेव्हा जाळीला पोळं लिहिणं ही साधी चूक नाही.

अनुवादक : ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टॅसिसला ‘रुंदावलेल्या श्वासनलिका’ लिहिते आहे.

छातीविकारतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर : ताई, ‘ताणानं फाकलेल्या’ लिहा. जंतुसंसर्गानं भिंत खराब होऊनही नळी रुंदावते. इथं भोवतालचं फुफ्फुस आक्रसतं आणि नळीला चहूकडून ओढतं, म्हणून ती वेडीवाकडी फाकते. फसगतही इथंच होते. स्कॅनच्या आडव्या कापात (छेदचित्रात) फाकलेली नळी गोल दिसते. तीन-चार शेजारी आल्या की पोळंच वाटतं. उभ्या कापात नळी फांदीसारखी पुढं सरकते, पोळ्याचं घर तिथंही बंदच राहतं. विडी ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसात वरच्या भागात आवरणालगत पातळ भिंतीच्या पोकळ्यांची एकेरी रांग दिसते. तो पॅरासेप्टल एम्फिसिमा (हवेच्या पिशव्यांच्या भिंती झिजून झालेल्या पोकळ्या), पोळं नव्हे.

क्ष-किरणतज्ज्ञ : ‘ग्राउंड ग्लास’ला दुधी काच. धुरकट भागातून रक्तवाहिन्या दिसत राहतात, हे त्या शब्दात आपोआप येतं.

अनुवादक : ‘मोझॅइक’?

छातीविकारतज्ज्ञ : वाकळ! काळं, करडं, पांढुरकं ठिगळाला ठिगळ. जुनाट एचपीत (श्वासातून गेलेल्या बुरशी, पिसं अशांच्या वावड्यानं फुफ्फुसाला येणाऱ्या सुजेत) तीन छटा शेजारी-शेजारी दिसतात : दुधी काच, निरोगी भाग आणि हवा अडकलेला काळा भाग. पण श्वास सोडून घेतलेले काप नसतील तर अडकलेली हवा पक्की सांगता येत नाही. निरोगी भाग श्वास सोडल्यावर उजळतो, अडकलेला काळाच राहतो. काप 1.5 मिमीहून जाड नकोत. पाठीमागं तळाशी धूसर दिसलं तर पालथं झोपवून पुन्हा बघावं. नुसत्या वजनानं दबलेला भाग मोकळा होतो, खरा आजार तसाच राहतो. भारतातल्या आयएलडी (फुफ्फुसाच्या ऊतींना सूज किंवा वण आणणारे आजार) नोंदणीत (2017) एचपी सर्वांत जास्त, 47 टक्के निघाला, आणि त्यात कूलरचा संपर्क मोठा होता. आपल्याकडं उन्हाळाभर कूलर चालतो, म्हणून वाकळ दिसली की कूलरचं गवत, कबुतरं, बुरसलेला कडबा हे विचारायलाच हवं. एचपीत कारण दूर करणं हा उपचाराचा भाग आहे.

क्ष-किरणतज्ज्ञ : राहिला ‘फायब्रोसिस’. हा शब्द सगळ्यांत जास्त घोळ घालतो. बऱ्या झालेल्या टीबीनंतर वरच्या भागात, बहुधा एका बाजूला जास्त, आक्रसलेला पट्टा राहतो. त्यालाही फायब्रोसिस आणि दोन्हीकडं पसरत जाणाऱ्या आजारालाही फायब्रोसिस. घरचे दोन्हींना ‘डाग’ म्हणतात. मग एक जण विनाकारण पुन्हा टीबीच्या गोळ्या घेतो, दुसरा ‘जुना डाग आहे’ म्हणून धाप वाढेपर्यंत थांबतो. पहिल्याला ‘जुना वण’ लिहा, दुसऱ्याला ‘पसरता तंतुमय आजार’.

अनुवादक : म्हणजे वाक्य असं : ‘दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात आवरणालगत जाळी आणि ताणानं फाकलेल्या श्वासनलिका, पोळं नाही, उजवीकडं वर जुना वण.’

क्ष-किरणतज्ज्ञ : बरोबर. ‘पोळं नाही’ हे दोन शब्द कधीच गाळू नका.