सतरा वर्षांच्या आईला वयाआधी सज्ञान ठरवून घेता येते का?

घाटकोपरची मावशी: माझी अविवाहित भाची 17 वर्षांची असून तिला तीन महिन्यांचे बाळ आहे. प्रसूतीच्या वेळी रुग्णालयाने नियमानुसार पोलिसांना कळवले आणि संबंधित मुलावर गुन्हाही नोंदला गेला. आता तिचे वडील स्टँप पेपरवर सही करून बाळ नात्यातल्या एका जोडप्याला देऊ पाहत आहेत. ‘तू स्वतःच अज्ञान, तुला काय विचारायचे?’ असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेत न्यायालयात अर्ज करून वयाआधी सज्ञान होता येते असे ऐकले. तशी सोय मुंबईत आहे का?

दादरचे वकील: भारतात कुठेच नाही. कॅलिफोर्नियात किमान 14 वर्षांचे, पालकांच्या संमतीने वेगळे राहणारे आणि स्वतःचा खर्च स्वतः सांभाळणारे मूल असा अर्ज करू शकते. आपल्याकडे 1875 च्या कायद्यानुसार 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि मूल झाले म्हणून त्यात सूट मिळत नाही. पण म्हणून तिला विचारायचेच नाही, असे मुळीच नाही. मुलगी हिंदू असेल, तर 1956 च्या पालकत्व कायद्याच्या कलम 6 नुसार विवाहबाह्य अपत्याची पहिली नैसर्गिक पालक आईच असते, आणि 1890 च्या कायद्याचे कलम 21 अज्ञान व्यक्तीला इतरांचे पालकत्व नाकारताना तिच्या स्वतःच्या अपत्याचा अपवाद करते. बाळाच्या मालमत्तेचा कारभार मात्र तिला पाहता येणार नाही. आई हयात असताना, न्यायालयाने पालक नेमलेले नसलेल्या आजोबांना नातवंड दत्तक देण्याचा अधिकारच नाही, तेव्हा त्या स्टँप पेपरची किंमत रद्दीइतकीच.

मानखुर्दची कार्यकर्ती: बाळ सोडायचेच झाले, तर तो निर्णय मुलीनेच बालकल्याण समितीसमोर सांगायचा असतो, सोबतच्या प्रौढाची सही केवळ साक्षीदाराची. त्यानंतर फेरविचाराला दोन महिने मिळतात, आणि ही गोष्ट तिला घरच्यांच्या गैरहजेरीत, एकटीला बसवून सांगावी असे मला वाटते.

मावशी: वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर जन्मदाखल्यासाठी बापाचे नाव मागतात, त्याचे काय करायचे?

दादरचे वकील: सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालानुसार आईच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा लागतो. तरीही अडवले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.