चिटा रिवेराबद्दल कुणी सांगेल का?

नाटकवेडी: काल शिकागो सिनेमा परत बघितला, २००२ चा. व्हेल्माच्या भूमिकेसाठी कॅथरीन झेटा-जोन्सला ऑस्कर मिळालं ते माहीत होतं, पण ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांत, १९७५ मध्ये मूळ संगीत नाटकात ती व्हेल्मा पहिल्यांदा चिटा रिवेराने केली हे आत्ता कळलं. आणि वेस्ट साइड स्टोरी या संगीत नाटकातली अनिता पण १९५७ ला हिनेच उभी केली, सिनेमात मात्र रिटा मोरेनो, आणि तिलाही ऑस्कर! दोन्ही वेळा असं व्हावं? फार लागलं मनाला. पुढे काय झालं हिचं?

तिसरीघंटा: वाईट वाटणारच, पण ती थांबली नाही हो. १९८४ ला द रिंक या नाटकासाठी पहिला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वांत मोठा पुरस्कार मिळाला, नाटकात सोबत गायिका-अभिनेत्री लायझा मिनेली होती. मग १९८६ ला मॅनहॅटनमध्ये गाडीचा अपघात झाला, डावा पाय १२ ठिकाणी मोडला, आत स्क्रू घातले. वय ५३, आणि पोट नाचावर. दुसरी कुणी असती तर घरी बसली असती, ही मात्र १९९३ ला किस ऑफ द स्पायडर वुमनमध्ये परत ब्रॉडवेवर उभी राहिली आणि साठीत दुसरा टोनी घेतला. २०१५ ला द व्हिजिट केलं तेव्हा ८२ ची होती. टोनीची एकूण १० नॉमिनेशन्स. २०२४ च्या जानेवारीत गेली, ९१ व्या वर्षी.

ताल_धिन: मला विचाराल तर तिचं मूळ बॅलेत आहे. न्यूयॉर्कच्या बॅलेच्या शाळेची ऑडिशन देताना पायाचा फोड फुटला तरी ती नाचत राहिली आणि स्वतः बॅलन्शिनने, म्हणजे बॅलेच्या नामवंत नृत्यदिग्दर्शकाने, तिच्या पायाला पट्टी बांधली, हे ती नेहमी सांगायची. ती शिस्त शेवटपर्यंत दिसते. अनिता बघायला नाही मिळाली तरी मूळ कलाकारांची रेकॉर्ड आहे, त्यातलं ‘अमेरिका’ हे गाणं हेडफोन लावून ऐका. आवाज गोड नाही, खरखरीत आहे, पण प्रत्येक शब्द पाय आपटल्यासारखा पडतो.

आणि नाटकवेडी, शिकागो सिनेमात ती आहे! छोटासाच रोल, निकी नावाच्या कैद्याचा.

नाटकवेडी: अगं बाई, खरंच की! आत्ता परत लावून बघितलं. क्षणभरच दिसते, मी दोनदा मागे घेतलं. काल ती समोरून गेली आणि मला कळलंसुद्धा नाही. आता रेकॉर्ड लावतेय.