ऑक्सफर्ड-केंब्रिज: कॉलेज कसं निवडलंत, कसं रुळलात?

भाचीला यंदा केंब्रिजला अर्ज करायचाय. विषय पक्का, गुण आहेत, अर्जातलं लिखाणही होत आलंय. गाडं अडलंय ते कॉलेजच्या रकान्यापाशी. एकतीस कॉलेजं, आणि प्रत्येकाच्या माहितीपत्रकात तीच हिरवळ, तीच हसरी मुलं. ऑक्सफर्डला तर चाळीसच्या वर. आपल्याकडे कॉलेज म्हणजे जिथे शिकायला जायचं ती इमारत. तिकडे व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. राहणं, जेवणं आणि पदवीच्या मुलांची ती एकास एक किंवा एकास दोन अशी शिकवणी कॉलेजकडे. एवढं मला वाचून कळलं. पण वाचून कळतं त्यावर निर्णय घ्यावा असं मला वाटत नाही. तिथे राहून आलेल्यांनी, अजून तिथेच असलेल्यांनी, ज्यांची मुलं आहेत त्यांनीही लिहावं. गोडगोड नको. भाडं, जेवण, थंडी, एकटेपणा, सगळं चालेल.

केंब्रिज, गणित, पदवी

मी एका जुन्या, गाजलेल्या कॉलेजला अर्ज केला होता. कारण विचाराल तर नाव. मुलाखत बरी झाली, पण त्यांनी घेतलं नाही. अर्ज 'पूल'मध्ये गेला. म्हणजे काय, तर मुलगा चांगला आहे पण आमच्याकडे जागा नाही असं वाटलं की कॉलेज तो अर्ज सगळ्यांपुढे ठेवतं आणि जानेवारीत दुसरं कॉलेज उचलू शकतं. मला फिट्झविल्यमनं उचललं. घरी दोन दिवस सुतक. मग आजोबांनी विचारलं, जयंत नारळीकर कुठल्या कॉलेजात होते? फिट्झविल्यममध्येच! १९५७ साली ते गेले तेव्हा त्याला कॉलेजचा दर्जाही नव्हता, नुसतं 'फिट्झविल्यम हाउस' होतं. दर्जा मिळाला १९६६ मध्ये. आणि तिथूनच ते सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले. त्यांच्या आधी १८९९ साली हा मान मिळवणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, ते सेंट जॉन्सचे. आजोबांचं घोडं इथून जे उधळलं ते थेट रामानुजन यांच्या ट्रिनिटीपर्यंत गेलं, ते सोडा.

खरा फरक पडला तो अंतराचा. गणित विभाग आमच्यापासून चालत जाण्याइतका जवळ. गावातल्या देखण्या कॉलेजांतली मुलं सकाळी नऊच्या व्याख्यानाला धापा टाकत यायची.

रुळायला वेळ लागला तो सुपरव्हिजनमुळे. दोन विद्यार्थी, एक शिक्षक, एक तास. आदल्या दिवशी उदाहरणांचा कागद सोडवून त्यांच्या खणात टाकायचा. परत मिळाला तेव्हा माझ्या एका पूर्ण उत्तरावर लाल शाईत फक्त 'का?' एवढंच लिहिलेलं. उत्तर बरोबर होतं. पण तिसऱ्या ओळीवरून चौथीवर मी कुठल्या हक्कानं गेलो, ते मी कधी सांगितलंच नव्हतं. बारावीपर्यंत कुणी विचारलंही नव्हतं. त्या 'का?'वर पाऊण तास गेला आणि बाकीची उदाहरणं तशीच राहिली.

केंब्रिज, इंग्रजी, पदवी

मी गर्टनची. पूलवालीच. वरच्या दादांनी अंतराचं बरोबर सांगितलं, पण उलट बाजूनंही ऐका.

गर्टन गावापासून सुमारे चार किलोमीटर. ते लांब आहे ते मुद्दाम. १८६९ मध्ये मुलींसाठी ही संस्था निघाली तीच मुळी हिचिन नावाच्या दुसऱ्याच गावी. १८७३ मध्ये गर्टनला आली, तेव्हाही पुरुषांच्या कॉलेजांपासून अंतर राखूनच. मुलींना केंब्रिजची पूर्ण पदवी मिळायला १९४८ उजाडलं. आता तिथे मुलं-मुली दोघं आहेत, रस्ता मात्र तेवढाच आहे.

पहिल्या सत्रात मी रडायच्या बेतात असायचे. नोव्हेंबरात चार वाजता अंधार, अंगावर तिरका पाऊस, आणि सायकलचा मागचा दिवा कुणीतरी काढून नेलेला. जानेवारीपर्यंत मी बदलले. लायब्ररी संपली की घरी परतता येतं, हे सुख गावातल्यांना नाही; त्यांच्या खिडकीखाली दिवसभर पर्यटक. आमच्याकडे फळबाग आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि लांब असल्यामुळे संध्याकाळी सगळे कॉलेजातच सापडतात. भाचीला एकच विचारा: सायकल चालवता येते का? येत असेल तर गर्टनला घाबरू नये. चांगला रेनकोट आणि दोन जोड दिवे घ्यावेत, ते काढून खिशात घालायची सवय लावावी.

ऑक्सफर्ड, कायदा, पदव्युत्तर

पदव्युत्तरचं गणित वेगळं आहे, इथे गल्लत होऊ देऊ नका. आधी विभाग तुम्हाला निवडतो, मग कॉलेज. विभागानं जागा देऊ केली की कुठलं ना कुठलं कॉलेज मिळतंच. अर्जात एक पसंती देता येते, किंवा 'पसंती नाही' असंही म्हणता येतं. शिष्यवृत्ती एखाद्या कॉलेजशी जोडलेली असेल तर मागितलेलं कॉलेज सोडून तिकडे जावं लागू शकतं. तेव्हा पैसे मिळत असतील तर कॉलेजच्या नावासाठी अडून बसू नये, हे माझं स्पष्ट मत.

मी सॉमरव्हिल मागितलं, आणि तेही भावनेपोटी. कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकच्या. १८८९ मध्ये त्या सॉमरव्हिलला आल्या, १८९२ मध्ये बीसीएलची, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीची, परीक्षा दिली. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली स्त्री. पदवी मात्र हातात पडली १९२२ साली, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. तीस वर्षं! मी त्याच परीक्षेला बसणार होते, म्हटलं तिथेच राहू.

भावना बाजूला ठेवली तरी निवड बरी निघाली. कॉलेज मोकळंढाकळं आहे, तिथल्या हिरवळीवर चालता येतं. (हसू नका. बहुतेक कॉलेजांत हिरवळीवर पाय ठेवला की पोर्टर, म्हणजे कॉलेजचा दारवान, हाक मारतो.) मॅट्रिक्युलेशनला, म्हणजे विद्यापीठात रीतसर दाखल होण्याच्या समारंभाला, काळा-पांढरा पोशाख, वर झगा, शेल्डोनियन थिएटरमध्ये रांगेनं बसायचं, थोडं लॅटिन, कुलगुरूंचे चार शब्द, की तुम्ही विद्यापीठाचे झालात. फोटो काढायला वेळ जातो तेवढाही समारंभाला लागत नाही.

सत्र आठ आठवड्यांचं. आठवडे क्रमांकानं मोजतात, आणि पाचवा आठवडा वाईट असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा उजेड कमी, झोप कमी, आणि आपल्याला इथे चुकून घेतलंय अशी पक्की खात्री. माझ्या मजल्यावरच्या चारही जणींना ती खात्री होती, हे मात्र जूनमध्ये कळलं.

केंब्रिज, पीएचडी, प्रयोगशाळेतला माणूस

कॉलेजचा एवढा ऊहापोह कशाला? पीएचडीला सुपरवायझर, म्हणजे मार्गदर्शक, निवडा. कॉलेज म्हणजे खोली, मेसचं बिल आणि अधूनमधून मेणबत्तीतलं जेवण. मी दुसऱ्या वर्षी बाहेर खोली घेतली. नियम एवढाच की पदव्युत्तर विद्यार्थ्यानं ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून दहा मैलांच्या आत राहायचं (पदवीच्या मुलांना तीन मैल). माझ्या कॉलेजात मी शेवटचा कधी गेलो होतो तेही आठवत नाही.

ऑक्सफर्ड, डीफिल (तिथली पीएचडी), सहकुटुंब

वरच्या सद्गृहस्थांना लेकरू नसावं! आम्ही तिघं आलो. नवरा, मी आणि अडीच वर्षांचा मुलगा. आमच्यासाठी कॉलेज हाच सगळा प्रश्न होता.

आधी व्हिसाचं. जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकून करायच्या मास्टर्सवाल्यांना कुटुंब नेता येत नाही, संशोधनाच्या पदवीला येतं. व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार प्रत्येकी वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम, अर्ज करतानाच भरायचा. तिघांचा, जवळजवळ चार वर्षांचा. कॅलक्युलेटरवर तो आकडा पाहून नवरा गप्प उठून बाल्कनीत गेला.

मी फक्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांची कॉलेजं पाहिली: सेंट अँटनीज, लिनाकर, ग्रीन टेम्पलटन, वुल्फसन वगैरे. तिथे अठरा वर्षांच्या मुलांचा गलका नसतो, आणि सुट्टीत खोली रिकामी करा म्हणून मागे लागत नाहीत. वुल्फसन पक्कं केलं ते दोन गोष्टींसाठी, कुटुंबांसाठी सदनिका आणि आवारातच पाळणाघर. पाळणाघराला रांग असते, हे आधी विचारून घ्या. प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच मी नाव नोंदवलं.

चेरवेल नदी कॉलेजला लागून वाहते, कॉलेजच्या स्वतःच्या पंट होड्या आहेत. पण मला आवडलं ते जेवणघर. तिथे प्राध्यापकांसाठी वेगळं उंच टेबल नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांनी आमच्या मुलानं सांडलेलं वरणासारखं सूप आपल्या रुमालानं पुसलं आणि मला विचारलं, विषय काय? मी सांगितला. त्यांनी दोन प्रश्न विचारले, आणि घरी येऊन मी प्रबंधाचं दुसरं प्रकरण नव्यानं आखलं. ते त्याच क्षेत्रातले निवृत्त प्राध्यापक होते, हे नंतर समजलं. नवऱ्याला ओळखी मिळाल्या त्या पाळणाघराच्या दारात. त्याला माझ्यापेक्षा लवकर गाव आपलं वाटायला लागलं.

वाणसामानाला काउली रोड. डाळी, पिठं, मसाले, कढीपत्ता, सगळं मिळतं.

केंब्रिज, अर्थशास्त्र, पदवी

कॉलेजचं नाव लिहीत नाही. कारण कळेलच.

इमारत चारशे वर्षांची, खिडकीतून नदी. आई-बाबा सोडायला आले तेव्हा बाबांनी त्या खिडकीचे बारा फोटो काढले. 'स्वयंपाकघर' म्हणून जे दाखवलं त्यात किटली, मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज. शेगडी नाही. तिकडे त्याला जिप रूम म्हणतात. म्हणजे मेसमध्ये जेवा. आणि नाही जेवलात तरी मेसचा ठरावीक आकार बिलात येतोच. शाकाहारी पदार्थ रोज एक, आणि आठवड्यातून बहुतेकदा तो भरलेली ढोबळी मिरचीच असायचा. मी मायक्रोवेव्हमध्ये खिचडी जमवली. जमते, पण डाळ आदल्या रात्री भिजवावी लागते आणि भांडं उंच लागतं, नाहीतर सगळी उतू जाते.

दुसरं, सुट्टी. खोली फक्त सत्रापुरती. डिसेंबरच्या सुरुवातीला चादरीपासून चमच्यापर्यंत सगळं खोक्यांत भरून बाहेर, जानेवारीत परत आत. परदेशी मुलांसाठी सामान ठेवायची जागा होती, ती पहिल्या दोन दिवसांत भरली. सुट्टीत राहायचं तर वेगळा अर्ज आणि वेगळं भाडं. हे सगळं कॉलेजच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं हो, पण अठराव्या वर्षी ते कोण वाचतो?

म्हणून भाचीनं प्रत्येक कॉलेजला इमेल टाकून नेमकं विचारावं: भाडं किती आठवड्यांचं, शेगडी आहे का, मेसचा ठरावीक आकार आहे का, तिन्ही वर्षं कॉलेजात खोली मिळते का, आणि दुसऱ्या वर्षीची खोली चिठ्ठ्यांनी मिळते की गुणांनी. सध्या शिकणाऱ्या मुलांना विचारलं तर आणखी खरं उत्तर मिळेल.

कॉलेजचं एक चांगलं सांगतो, नाहीतर अन्याय होईल. रात्री अडीचला ताप चढला तेव्हा मी पोर्टरला फोन केला. तो आला, दवाखान्याच्या हेल्पलाइनशी बोलला, टॅक्सी बोलावली, आणि सकाळी ड्युटी संपताना माझ्या दाराशी संत्री ठेवून गेला. मला त्याचं नाव तोवर माहीत नव्हतं.

ऑक्सफर्ड, पीपीई (तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र), पदवी (आता नोकरी)

भाचीसाठी तातडीचं. अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर, इतर ब्रिटिश विद्यापीठांच्या पुष्कळ आधी. पदवीसाठी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. सगळे विषय सगळ्या कॉलेजांत नसतात, तेव्हा एकतीसची यादी आधी विषयानं गाळा.

निवडता येतच नसेल तर ओपन अर्ज करा. कॉलेजचं नाव न घालता अर्ज पाठवला की त्या विषयाला जिथे अर्ज कमी आलेत अशा कॉलेजाकडे तो लावून दिला जातो. मी तेच केलं. मात्र एकदा लागलं की लागलं, मग 'हे नको, ते द्या' चालत नाही. त्यानं प्रवेशाची शक्यता वाढते असं काहीजण सांगतात, त्यावर विसंबू नका.

आणि पूलचा धसका घेऊ नका. पूलवाले इथे दोघं आहेत, दोघांनाही आता कॉलेज बदलून देतो म्हटलं तर भांडायला उठतील.