मदत हवी आहे: जुने जिओकॅश शोधायला गेलो, नऊपैकी सहा सापडलेच नाहीत. नेमकं काय चुकतंय?

घाटवळण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इथे जिओकॅशिंग खेळणारं कुणी असेल तर जरा हात द्या. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कुणीतरी (त्याला ओनर म्हणतात) एक डबा, म्हणजेच कॅश, लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवून द्यायचा. उद्योग रिकामटेकडा आहे, मान्य.

मी आणि बायको चार वर्षं हे करतोय. सध्या जास्मरच्या मागे आहोत, म्हणजे मे २००० पासून आजपर्यंतच्या प्रत्येक महिन्यात लपवलेला निदान एक तरी कॅश शोधायचा. अलीकडचे महिने पटापट भरले. २००० आणि २००१ साठी मात्र गाडी काढावीच लागते, कारण त्या काळचे जे थोडे डबे टिकलेत ते एकमेकांपासून शेकडो मैल लांब आहेत.

तर अमेरिकेच्या पश्चिम भागात पाच दिवसांची फेरी आखली. नऊ जुने कॅश, सगळे २००१-०२ चे. नावं देत नाही, पुढे जाणाऱ्यांची मजा जायला नको. जिथे जायचं तिथे फोनला रेंज नसते असं वाचलं होतं, म्हणून सासऱ्यांचं हातात धरायचं जुनं जीपीएस यंत्र मागून घेतलं. ते अजून उत्तम चालतं आणि बॅटरी दोन दिवस पुरते. निघायच्या आदल्या रात्री नऊच्या नऊ ठिकाणांचे आकडे हाताने भरत बसलो. त्यातली चार ठिकाणं यंत्राने घेतलीच नाहीत, "चुकीची नोंद" म्हणत राहिलं. जुनं यंत्र, काय करणार! त्या चारांसाठी ॲपमध्ये नकाशा उतरवून फोन वापरला.

निकाल: तीन सापडले, सहा नाही. एकेका ठिकाणी दीड-दोन तास घालवले. "खडकाखाली" अशी हिंट असली की डोंगरावरचा प्रत्येक खडक आपलाच. एके ठिकाणी चढणीची श्रेणी पाचपैकी दीड होती, म्हणजे लहान मूलही चालत जाईल अशी, आणि आम्ही दोघं बूड घासत उतारावरून घसरतोय.

खरी पंचाईत पुढेच आहे. दोन कॅशवर मी "ओनरने लक्ष द्यावं" अशी नोंद टाकली, डबा बहुधा गेला असावा असं लिहून. त्यातल्या एका ओनरने लगेच जाऊन पाहिलं आणि फोटोसकट उत्तर दिलं: डबा जागेवर आहे, वही कोरडी आहे. उत्तर सभ्य होतं, पण वाचताना कान गरम झाले.

आता प्रश्न:
जुने अक्षांश-रेखांश इतके चुकलेले असतात का? पुढच्या फेरीआधी यादी कशी चाळायची? आणि एका ठिकाणी डबा नाहीच असं वाटून मी गाडीतला रिकामा डबा ठेवणार होतो, बायकोने अडवलं. ठेवला असता तर चाललं असतं का?

---

झाडावरचा

२००० सालचं जीपीएस मुद्दाम चुकवलेलं असायचं ना? अमेरिकी लष्कर सिग्नलमध्ये गडबड करायचं. तेव्हाचे आकडे त्यामुळे शंभर मीटर इकडेतिकडे असणारच. शिवाय खंड सरकतात, हेही विसरू नका :)

---

नकाशेवाला

झाडावरचा, गडबड करायचे हे खरं, पण ती मे २००० च्या सुरुवातीलाच बंद झाली. आणि हा खेळ जन्माला आला तोच त्यामुळे. बंद झाल्यानंतर लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली पुरली आणि आकडे इंटरनेटवर टाकले. म्हणजे झाडून सगळे जिओकॅश त्या गडबडीनंतरचे. खंड वर्षाला दोनेक सेंटीमीटर सरकतो, पंचवीस वर्षांत अर्धा मीटर. तेवढ्यात डबा हरवत नाही.

घाटवळण, जुन्या यंत्राने दाट झाडीत घेतलेले आकडे दहा-पंधरा मीटर चुकू शकतात. त्यासाठी दोन तास लागत नाहीत. यंत्रात डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात ती पद्धत, काय आहे ते बघा, डब्ल्यूजीएस ८४ च हवं. जुन्या कागदी नकाशांचं एनएडी २७ लावलेलं असेल तर जागा बऱ्यापैकी सरकते.

---

घाटवळण

डेटम पाहिलं. डब्ल्यूजीएस ८४ च आहे. :(

---

पायवाट_ताई

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. डबा ठेवला नाहीत ते फार बरं केलंत, तुमच्या बायकोला माझ्याकडून शाबासकी. ओनरला न विचारता स्वतःचा डबा टाकून "सापडला" लिहायचं, याला थ्रोडाउन म्हणतात. मूळ डबा बहुतेक वेळा तिथेच असतो, फक्त आपल्याला दिसलेला नसतो. मग एका जागी दोन डबे होतात, पुढच्यांना नकली सापडतो आणि ओनरच्या डोक्याला ताप. जुन्या कॅशच्या बाबतीत तर हे पापच आहे, कारण लोक तो २००१ चा डबा बघायला एवढ्या लांब येतात.

यादी चाळण्याबद्दल: शेवटचा कधी सापडला यापेक्षा कोणाला सापडला नाही ते वाचा. हजारो कॅश शोधलेल्या दोघा-तिघांनी लागोपाठ "नाही सापडला" लिहिलं असेल आणि शोधायची श्रेणी दीड-दोनच असेल, तर डबा गेला असं धरून चाला. उलट श्रेणी चार असेल तर पाच अपयशांनीही काही सिद्ध होत नाही. काही दुर्गम कॅश वर्षा-दोन वर्षांत एकदाच सापडतात, त्यांना मेलेलं समजू नका. ओनर अजून खेळात आहे का, तेही त्याच्या पानावर कळतं. डब्याचा प्रकार बघा. लष्करी गोळ्यांची लोखंडी पेटी असेल तर पंचवीस वर्षं सहज टिकते, प्लास्टिकचा जेवणाचा डबा दोन हिवाळ्यांत तडकतो. आणि जुने लॉग, म्हणजे आधीच्यांनी कॅशच्या पानावर केलेल्या नोंदी, वाचा, अगदी पहिल्या वर्षापासून. लोक त्यात नको इतकं सांगून जातात.

पण तुमच्या ओनरने डबा आहे म्हणून फोटो टाकलाय, म्हणजे तुमचा घोटाळा यादीचा नाहीच. यंत्राने चार ठिकाणं घेतली नाहीत म्हणालात. ती कोणती? सापडलेले तीन त्यातलेच का?

---

घाटवळण

अरेच्चा. हो! सापडलेले तिन्ही फोनवाले. फोनवर शोधलेला चौथा सापडला नाही, पण तिथे जंगलतोड झाली होती, फक्त बुंधे उरले होते. यंत्रावर शोधलेल्या पाचांपैकी एकही नाही.

---

नकाशेवाला

ताई, नेमकं बोट ठेवलंत.

घाटवळण, यंत्रात "स्थान कसे दाखवायचे" अशी सेटिंग असेल, ती उघडा. माझी पैज आहे की तिथे अंश-मिनिटं-सेकंद लावलेलं आहे. जिओकॅशचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात.

उदाहरण म्हणून उल्मर यांच्या त्या पहिल्या बादलीचाच अक्षांश घ्या: उत्तर ४५° १७.४६०. बिंदूनंतरचे तीन आकडे हे मिनिटाचे हजारांश. ०.४६० मिनिटं म्हणजे गुणिले ६०, २७.६ सेकंद. पण सेकंदवाल्या यंत्रात तुम्ही ओळीने १, ७, ४, ६, ० दाबलंत तर ते १७ मिनिटं ४६.० सेकंद समजणार. रकाने तेवढेच, आकडे तेवढेच, त्यामुळे काही बिघडलंय असं डोळ्यांना जाणवतच नाही. फरक १८.४ सेकंदांचा. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जवळपास ३१ मीटर. म्हणजे बादली साधारण ५७० मीटर उत्तरेला सरकली!

आता तिचा रेखांश बघा: पश्चिम १२२° २४.८००. हा दाबलात तर २४ मिनिटं ८०.० सेकंद होतात. सेकंद साठच्या वर जात नाहीत, म्हणून यंत्र म्हणणार "चुकीची नोंद". तुमच्या त्या चार ठिकाणी अक्षांश किंवा रेखांशाचे शेवटचे तीन आकडे ६०० किंवा त्याहून मोठे असणार. बिचारं यंत्र ओरडून सांगत होतं, आणि आपण त्याच्या वयावर ढकललं.

आणखी एक. ही चूक नेहमी एकाच दिशेला नेते. अमेरिकेत असाल तर उत्तरेला आणि पश्चिमेला, कधीच उलट नाही. पाचही ठिकाणी तुम्ही डब्याच्या वायव्येला शोधत असणार.

---

झाडावरचा

खंड सरकला नाही, जावईबापू सरकले. (हलके घ्या.)

---

घाटवळण

मंडळी, दंडवत.

सेटिंग तीच निघाली. सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "हो, माझ्या कागदी नकाशांवर सेकंद असतात म्हणून मी तसं करून ठेवलंय. तुम्ही विचारलंत कुठे, जावईबापू?" यावर काय बोलणार.

रात्री बसून पाचही ठिकाणं पुन्हा मोजली. सगळ्यात लाजिरवाणं ते घसरगुंडीवालं. अक्षांशाचे शेवटचे आकडे .५१२, रेखांशाचे .१०४. आम्ही डब्यापासून ६३० मीटर उत्तरेला आणि नव्वदेक मीटर पश्चिमेला होतो. डबा गाडी लावली तिथून पाच मिनिटांवर, सपाट वाटेवर. लॉगमध्ये दहा जणांनी "झटपट सापडला" लिहिलंय आणि मला वाटलं, काय तगडे लोक आहेत! नकाशेवाला, वायव्येचं पाचही ठिकाणी तंतोतंत जुळलं.

ज्या ओनरने फोटो टाकला त्याला खरं काय झालं ते लिहून माफी मागितली. आता त्या पाच "नाही सापडला" नोंदी काढून टाकू का? डबा जिथे आहे तिथे मी गेलोच नव्हतो.

---

पायवाट_ताई

नोंदी पुसू नका, पण त्यात दुरुस्ती करा: "चुकीच्या जागी शोधलं, चूक माझी." नाहीतर पुढचा माणूस तुमचं अपयश बघून तो कॅश यादीतून उडवेल. ज्या दुसऱ्या कॅशवर ओनरचं लक्ष मागितलंत, तिथे आजच लिहा. ओनर बरेच दिवस गप्प राहिला तर संकेतस्थळाचे तपासनीस कॅश बंद करू शकतात, आणि इतका जुना डबा एकदा बंद झाला की सहसा परत येत नाही. जंगलतोडीच्या जागेची नोंद मात्र तशीच राहू द्या, ती खरी आहे.

पुढच्या वेळी आकडे हाताने भरू नका. ठिकाणांची जीपीएक्स फाइल उतरवून केबलने थेट यंत्रात टाका. यंत्र कुठलीही पद्धत दाखवत असलं तरी फाइलमधून जागा बरोबरच येते. आणि निघण्याआधी घराजवळचा, आधी सापडलेला एखादा कॅश त्यावर शोधून बघा.

जाता जाता: मे २००० चा रकाना भरायला ओरेगनला जाणार असाल तर ऐका. ती मूळ बादली आता नाही, तिच्या जागी स्मृतिफलक आहे आणि त्याची नोंद २००३ ची. बघायला जरूर जा, पण तुमचा मे भरणार नाही. त्यासाठी कॅन्ससमधला मिंगो, ११ मे २००० चा. अजून चालू असलेल्यांत सगळ्यात जुना तोच, आणि महामार्गाला लागून आहे, बूड घासायला लागणार नाही.

---

घाटवळण

दुसऱ्या कॅशवर लिहिलं. दुरुस्त्याही केल्या. मिंगो यादीत टाकला.

दोन आठवड्यांनी त्या पाचांपैकी तीन वाटेत येतात अशी फेरी आखतोय. सासरे म्हणताहेत की या वेळी यंत्र मिळेल, पण सोबत तेही येणार.