विषय: स्किप्टनला बेली डान्सचा क्लास – कुणी गेलंय का?

प्रेषक: कीथलीकर

नमस्कार यॉर्कशायरकर मंडळी,
स्किप्टनला लायब्ररीच्या फळ्यावर बेली डान्सच्या क्लासचा कागद बघितला. दर गुरुवारी संध्याकाळी, चर्चच्या हॉलमध्ये. कीथलीहून गाडीने पाव तास, म्हणून मोह होतोय. पण पोट उघडं टाकून नाचायचं असेल तर मला जमायचं नाही. आणि सगळ्या कोवळ्या पोरीच असतील का? कुणाला माहिती असेल तर कळवा.

---

प्रेषक: स्किप्टनकर

कीथलीकर वहिनी,
मी जाते तिथे. बिनधास्त या. पोट कुणी उघडं टाकत नाही. नोव्हेंबरात त्या हॉलमध्ये टाकूनच दाखवावं! हीटरच्या मीटरमध्ये नाणी घालावी लागतात आणि तरी तो बराच वेळ नुसता खडखडतो. लेगिंग आणि ढगळ टीशर्ट चालतो. कमरेला बांधायचा नाण्यांचा स्कार्फ तिथल्या पेटीत मिळतो, आधीच विकत घेऊ नका. एका वेळचे आठ पौंड.

पोरी म्हणाल तर एखादीच. रिटायर झालेल्या शिक्षिका आहेत, नर्स आहेत, हाय स्ट्रीटच्या बाजारात चीज विकणारी एक बाई आहे. ती सगळ्यांत भारी नाचते.

पहिल्या दिवशी शिमी शिकवतात. त्यात कंबर हलवायला जाल तर फसाल. गुडघे थोडे सैल सोडायचे आणि आळीपाळीने एक ताठ, एक वाकवलेला, असं भराभर करत राहायचं. कंबर आपोआप थरथरते. छाती आणि खांदे मात्र जागचे हलता कामा नयेत, खरी मेहनत तिथेच आहे. लबाडी चालत नाही, कारण दमलात की स्कार्फवरची नाणी तुटक वाजायला लागतात आणि अख्ख्या हॉलला कळतं.

तालाचं मात्र आपल्याला सोपं जातं. मकसूम नावाचा ठेका सारखा लागतो: डुम टेक – टेक, डुम – टेक –. आठ मात्रांचं आवर्तन. केरवा ऐकत वाढलेल्या माणसाला सम शोधावी लागत नाही. पाय मात्र नडतात. ठेका लागला की माझा पाय जमिनीवर आपटतोच. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आवाज नको, वजन नितंबातून खाली सोडा.

आणि एक तयारी ठेवा. तुम्ही दारातून आत आलात की कुणीतरी म्हणणारच, ‘तुम्हाला काय शिकवायचं, हे तुमच्याकडचंच ना?’ कैरो आणि कोल्हापूर त्यांच्या नकाशात शेजारी शेजारी आहेत.

---

प्रेषक: हॅरोगेटकर

सर्वांस नमस्कार. व्यायामच करायचा तर सूर्यनमस्कार फुकट आहेत. कॅबेरेतल्या नाचाची चर्चा मंडळाच्या ईमेल यादीवर हवी का? लावणीला निदान परंपरा तरी आहे. राग नसावा.

---

प्रेषक: स्किप्टनकर

काका, राग कसला! पण परंपरेचं निघालंच आहे म्हणून लिहिते.

इजिप्तमध्ये बायका लग्नकार्यात आपापसांत नाचतात तो बलदी. आपण ज्याला कॅबेरे म्हणतो ते रंगमंचावरचं रूप त्यामानाने अलीकडचं. बदिया मसाब्नी नावाच्या बाईंनी 1926 साली कैरोत आपलं नाट्यगृह काढलं. सामिया गमाल, तहिया कारिओका त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. चमचमता दोन तुकड्यांचा पोशाख त्याच काळात रूढ झाला आणि त्यात हॉलिवूडचाही हात होता. म्हणजे तुम्हाला जे खटकतं त्यातलं थोडं अमेरिकेहून आलेलं आहे.

आणि नाचणारीला नावं ठेवणं तिथेही जुनंच. रस्त्यावर नाचणाऱ्या घवाझी बायकांना इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता महंमद अली याने 1834 मध्ये कैरोतून हाकलून दक्षिणेकडे पाठवलं. पुढे 1959 मध्ये महमूद रेदा यांनी लोकनृत्यांचा संच काढला, तेव्हा शिकलेल्या घरांतली मुलंमुली स्टेजवर आली. लावणीच्या बाबतीतही वेगळं काय झालं? फडावरच्या बाईला नावं ठेवणारी घरं आज पोरीला स्नेहसंमेलनात लावणी बसवून देतात आणि पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या मारतात. गेल्या गणपतीत शिट्टी कुणाची होती, ते मी लिहीत नाही.

---

प्रेषक: चिटणीस

स्किप्टनकर ताई, विषय रंगलाच आहे तर दिवाळीच्या कार्यक्रमात चार मिनिटं देऊ का? नाट्यगीतानंतर जागा आहे. जमल्यास हिंदी गाण्यावर बसवा, लोकांना आवडेल.

---

प्रेषक: स्किप्टनकर

नको हो. अजून शिमी धरून नीट चालता येत नाही, आणि हिंदी गाण्यावर तर मुळीच नको. क्लासमध्येही मला सारखं बॉलिवूड कर म्हणतात, तिथेही नाहीच म्हणते. आमच्या क्लासची हफला असते. सगळ्या गोल बसतात, जिला वाटेल ती उठून नाचते, बाकीच्या टाळ्या धरतात. नवशिक्याला ते बरं. खुर्च्या मांडून दोनशे माणसं बघत बसली की माझा ठेका सुटणार. ज्यांना बघायचंय त्यांनी तिथे यावं, घरचं काहीतरी खायला करून आणावं. गेल्या वेळी बाकरवडी पहिल्यांदा संपली.

---

प्रेषक: हॅरोगेटकर

अगं स्किप्टनकर, मी काकू लिहितेय, यांच्याच खात्यावरून, हे झोपलेत. मला तो सूर्यनमस्कार गुडघ्यामुळे झेपत नाही. शिमीला गुडघा किती वाकवावा लागतो? जमिनीवर बसायचं नसेल ना? मोजे घालून चालेल का, फरशी गार असेल. ए59 ने ब्लबरहाउसेसवरून मी स्वतः गाडी घेऊन येईन, फक्त हॉलजवळ पार्किंग कुठे ते सांग. उत्तर यादीवर नको, फोनच कर. सकाळी दहानंतर, हे पेपर आणायला जातात तेव्हा.